मानेखालचं लिहायचं नाही: चीनच्या सेन्सॉर अधिकाऱ्यांना अनावृत पत्र

प्रति,
नॅशनल रेडिओ अँड टेलिव्हिजन ॲडमिनिस्ट्रेशन,
सायबरस्पेस ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ चायना,
तसेच जीशी आणि लान्झोउ येथील पोलीस अधिकारी

स.न.वि.वि.

तुमच्या देशातल्या बायकांनी लिहिलेल्या प्रेमकथांची मी एक परदेशी वाचक. चिनी मला येत नाही. दोन पुरुषांच्या प्रेमाच्या ज्या कादंबऱ्यांना तुमच्याकडे 'दानमेई' म्हणतात, त्या मी इंग्रजी अनुवादांतून वाचते. काही अनुवाद रीतसर छापलेले, बरेचसे चाहत्यांनी रात्री जागून, हौसेने केलेले. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल अशी फारशी आशा नाही, आणि पोचलंच तर एखादं यंत्र ते माणसाच्या नजरेस पडण्याआधीच बाजूला काढेल. तरी लिहिते, कारण ज्यांनी हे लिहायला हवं त्यांना तुम्ही गप्प बसायची तंबी देऊन ठेवली आहे.

2024 च्या उन्हाळ्यापासून आन्हुई प्रांतातल्या जीशी परगण्याच्या पोलिसांनी 'हायथांग' या तैवानमधून चालणाऱ्या संकेतस्थळावर लिहिणाऱ्यांची धरपकड सुरू केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या एका अतिशय लोकप्रिय लेखिकेला साडेचार वर्षांची शिक्षा झाली. 2025 मध्ये कान्सू प्रांतातल्या लान्झोउ पोलिसांनी तोच कित्ता गिरवला. बीबीसीच्या बातमीनुसार देशभरात किमान 30 जणी पोलिसांच्या तावडीत सापडल्या, त्यातल्या जवळपास सगळ्या विशीतल्या. लेखिका राहणार देशाच्या एका टोकाला, संकेतस्थळाचा सर्व्हर समुद्रापलीकडे, आणि समन्स येणार भलत्याच प्रांतातून. कमाई परत करा, वर दंड भरा, म्हणजे शिक्षेत सूट मिळेल, असा तो व्यवहार. तुमचेच लोक अशा कारवायांना 'दूरच्या समुद्रातली मासेमारी' म्हणतात: स्थानिक तिजोरी रिकामी झाली की जाळं परप्रांतात टाकायचं. हे नाव मी दिलेलं नाही.

पैशाचा हेतू होता की नव्हता, हे तुमचं तुम्हाला ठाऊक. मला बोलायचं आहे ते तुमच्या मोजण्याच्या पद्धतीबद्दल.

तुमच्या फौजदारी कायद्याच्या कलम 363 खाली पैशासाठी अश्लील साहित्य तयार करणं, विकणं, पसरवणं हा गुन्हा. साधा गुन्हा असेल तर 3 वर्षांपर्यंत, गंभीर असेल तर 3 ते 10, अतिगंभीर असेल तर 10 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. आता साधं कुठलं आणि अतिगंभीर कुठलं, हे कसं ठरतं? मजकूर काय आहे यावरून ठरत असेल, असं कुणालाही वाटेल. पण 2004 च्या न्यायिक स्पष्टीकरणानुसार इंटरनेटवरच्या मजकुरासाठी ते ठरतं आकड्यांवरून. 10,000 क्लिक किंवा 10,000 युआन मिळकत झाली की गुन्हा. त्याच्या 5 पट झाली की गंभीर. 25 पट झाली की अतिगंभीर. म्हणजे अडीच लाख युआन कमावणारी लेखिका थेट दहा वर्षांच्या रांगेत जाऊन उभी राहते, तिनं काय लिहिलं आणि कसं लिहिलं हे कुणी बघो न बघो.

2004 साली एखाद्या पानावर 10,000 जण येणं ही मोठी गोष्ट असेल. आज आवडत्या लेखिकेचं नवं प्रकरण आलं की तेवढे वाचक एका संध्याकाळीत येतात, आणि त्यातले निम्मे दुसऱ्यांदा वाचत असतात. पानं उलटणाऱ्या बोटांची संख्या तुम्ही गुन्ह्याचं वजन म्हणून धरता. त्यामुळे वाईट लिहिणारी सुटते आणि चांगलं लिहिणारी अडकते, कारण चांगलीला वाचक जास्त. साहित्याच्या इतिहासात टीकाकारांनी पुष्कळ चमत्कारिक निकष लावले, पण लोकांना आवडलं म्हणून तुरुंगवास वाढवणारा टीकाकार माझ्या तरी पाहण्यात नव्हता.

गंमत अशी, की हे मोजमाप अपुरं आहे हे तुमच्या सर्वोच्च न्यायालयालाही कळलेलं आहे. 2017 मध्ये क्लाउड ड्राइव्हवरून पसरवल्या जाणाऱ्या अश्लील फायलींबद्दल न्यायालयानं आणि सर्वोच्च अभियोक्ता कार्यालयानं मिळून खुलासा केला, की केवळ संख्येवर बोट ठेवून शिक्षा ठरवू नका, सगळी परिस्थिती बघा. क्लाउडमध्ये हजारो व्हिडिओ साठवून विकणाऱ्याला ही सवलत. स्वतःच्या डोक्यातून कथा काढून लिहिणारीला ती का नाही?

त्याहून मोठी गोष्ट तुमच्या कलम 367 मध्ये आहे. कामुक मजकूर असला तरी कलात्मक मूल्य असलेली साहित्यकृती अश्लील समजली जाणार नाही, असं ते कलम सरळ सांगतं. आणि 1988 चे तुमचे जे नियम अश्लील प्रकाशन म्हणजे काय ते ठरवतात, तेही 'एकंदरीत' या शब्दापासून सुरुवात करतात. म्हणजे पुस्तक समग्र बघायचं, चार ओळी उचलायच्या नाहीत. कायदा वाचनाची अट घालतो. मग वाचतं कोण? अश्लील आहे की नाही याचा अभिप्राय बहुधा पोलीसच देतात. धरणारेही तेच आणि समीक्षकही तेच.

1988 चा विषय निघालाच आहे तर त्यातलं सहावं पोटकलमही बघू. समलैंगिक संभोगाचं अश्लील तपशिलांसह वर्णन, 'किंवा इतर लैंगिक विकृती', अशी त्याची मांडणी आहे. स्त्री-पुरुषांच्या शृंगाराला ही 'इतर विकृती'ची शेपटी जोडलेली नाही. त्या काळी ते तुमच्या बाकीच्या व्यवस्थेशी जुळतही होतं, कारण समलैंगिक पुरुषांना 'गुंडगिरी'च्या कलमाखाली पकडता येत असे. पण 1997 मध्ये ते कलम फौजदारी कायद्यातून गेलं. 2001 मध्ये तुमच्याच मानसोपचारतज्ज्ञांनी समलैंगिकता मनोविकारांच्या यादीतून काढली. गुन्हा गेला, आजार गेला, आणि पुस्तकं जोखायची पट्टी मात्र तीच राहिली. 2017 मध्ये ऑनलाइन कार्यक्रमांसाठीच्या नियमावलीत समलैंगिकता पुन्हा एकदा 'अनैसर्गिक लैंगिक संबंधां'च्या यादीत जाऊन बसली. तुमच्या देशात दोन पुरुषांनी एकत्र राहणं बेकायदा नाही, पण त्यांच्या सहवासाबद्दल लिहिणं धोक्याचं आहे. ही विसंगती तुम्ही स्वतःला कशी समजावता, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

आता थोडं त्या कथांबद्दल, कारण तुमच्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेख फक्त आकड्यांनी होतो.

2003 मध्ये सुरू झालेलं 'जिन्ज्यांग' हे या लेखनाचं मोठं घर. तिथे वाचक हजार अक्षरांमागे काही फेन (युआनचे पैसे) मोजतो, रोज एक प्रकरण येतं, खाली प्रतिक्रियांचा पाऊस पडतो. खूश झालेले वाचक लेखिकेला 'सुरुंग', 'हातबॉम्ब', अगदी 'पाणतीर' भेट म्हणून पाठवतात. (हे वाचून लान्झोउ पोलीस दचकणार नाहीत अशी आशा आहे. ती फक्त बक्षिसांची नावं आहेत.) 2014 च्या 'स्वच्छ इंटरनेट' मोहिमेनंतर या संकेतस्थळानं स्वतःला वाचवण्यासाठी दानमेई विभागाचं नाव बदलून 'शुद्ध प्रेम' केलं आणि लेखिकांना नियम घातला: मानेखालचं काही लिहायचं नाही.

मानेखालचं काही नाही. प्रेमकथेत हृदय मानेखालीच असतं हो! मनगट धरलेलं चालेल का? पाठीवरची जुनी जखम धुतली तर? यंत्राला प्रसंग कळत नाही, शब्द कळतात. त्यामुळे सापडलेल्या शब्दाच्या जागी रिकामे चौकोन येतात, कधी अख्खं प्रकरण कुलूपबंद होतं, आणि लेखिका मध्यरात्री बसून वाक्य सतरा प्रकारे फिरवत राहते. वाचकांनी मग चौकोनांतून अर्थ काढायची विद्या आत्मसात केली. शब्दांऐवजी त्यांची आद्याक्षरं आली. शृंगाराच्या प्रसंगाला 'गाडी चालवणं' म्हणू लागले. मजकुराची चित्रं करून ती उलटी टांगली गेली, म्हणजे यंत्राला वाचता येऊ नयेत. आणि ज्यांना आपल्या पात्रांचं प्रेम पूर्ण लिहायचं होतं, त्या समुद्रापलीकडच्या हायथांगवर गेल्या. त्यांना तिथे ढकलणारा नियम तुमच्याकडचाच, आणि तिथे गेल्या म्हणून पकडणारेही तुम्हीच.

हायथांगवरचं सगळं थोर आहे असं मी म्हणणार नाही. पुष्कळ मजकूर कच्चा आहे, काही मला वाचवत नाही, आणि क्रौर्यालाच प्रेम म्हणून खपवणाऱ्या कथांचा मला मनापासून कंटाळा आहे. त्यावर उपाय म्हणजे पान बंद करणं, फार तर चार कडक ओळींचा अभिप्राय. 2018 मध्ये 'तियानयी' या टोपणनावानं लिहिणाऱ्या लेखिकेला आन्हुईतल्या वुहू इथल्या न्यायालयानं साडेदहा वर्षांची शिक्षा दिली. पुस्तकाच्या 7,000 च्या आसपास प्रती विकल्या गेल्या होत्या, फायदा दीड लाख युआनचा. तेव्हा तुमच्याच नागरिकांनी कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं, की बलात्काराच्या साध्या प्रकरणात शिक्षा 3 ते 10 वर्षांची आहे. कल्पनेतल्या दोन पुरुषांच्या शृंगाराला त्याहून जास्त. यावर तुमच्याकडून समाधानकारक उत्तर आल्याचं माझ्या वाचनात नाही.

बायका हे का लिहितात, हा प्रश्न तुमच्या खात्यात कुणी विचारला आहे का? मला दिसतं ते असं. स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेत शेवटचं पान कुठे नेतं हे पहिल्याच पानावर ठाऊक असतं: लग्न, सासर, मूल, आणि कुणी नोकरी सोडायची हा न विचारताच सुटलेला प्रश्न. दोन पुरुष असले की तो साचा मोडतो. कोण कुणाची सेवा करणार, कोण मागे राहणार, हे सगळं नव्यानं ठरवावं लागतं, आणि त्या ठरवण्यातच कथा घडते. म्हणून दोन तलवारबाज, दोन डॉक्टर, एक पोलीस आणि एक गुन्हेगार. बरोबरीच्या माणसांचं प्रेम कसं दिसेल याची ही तालीम आहे. ज्यांना बायकाच हव्यात त्या 'बाइहे' लिहितात, दोन स्त्रियांच्या कथा, आणि त्यांनाही तुमची तीच पट्टी लागते. शिवाय या वाचकांत समलैंगिक मुलंमुली आहेतच, ज्यांना आपल्यासारखं कुणी सुखी झालेलं दुसरीकडे कुठे वाचायला मिळत नाही.

2024 मध्ये चीनमध्ये जेमतेम 61 लाख विवाहांची नोंद झाली, आदल्या वर्षीपेक्षा पाचव्या हिश्शानं कमी. सरकारला लग्नं हवीत, मुलं हवीत, हे जगजाहीर आहे. तरुणी लग्नाऐवजी कादंबऱ्यांत रमतात असं कुणाच्या मनात असेल, तर त्यानं कादंबऱ्या नीट वाचाव्यात. त्यात त्या काय मागतात ते दर पानावर लिहिलेलं आहे.

पडद्यावरची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती तुम्हीच जास्त जाणता. 2016 मध्ये एक गाजती वेबमालिका संपायच्या आत उतरवली गेली. मग निर्मात्यांनी शहाणे होऊन प्रेमिकांना 'जिवलग मित्र' केलं, प्रेक्षकांनी त्या मैत्रीला 'समाजवादी बंधुभाव' म्हणत हसून स्वीकारलं, आणि 2019 ची एक मालिका नेटफ्लिक्सवरून जगभर पोचली. 2 सप्टेंबर 2021 ला प्रशासनानं बायकी दिसणाऱ्या पुरुषांसाठी चक्क शिवी वापरून फर्मान काढलं आणि दानमेईवरून मालिका करण्याचा रस्ता बंद झाला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, दानमेईचे इंग्रजी अनुवाद अमेरिकेतल्या दुकानांत आले आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत जाऊन बसले. चीनच्या संस्कृतीचा जगात प्रसार व्हावा म्हणून तुम्ही किती खर्च करता! आणि जी गोष्ट कुणी न सांगता जगानं पैसे देऊन वाचली, तिच्या लेखिका स्वतःच्या देशात नाव लपवून राहतात.

चाहत्यांबद्दल लिहिताना माझी भाषा जरा सावध होते, कारण इथे दोष एकट्या तुमच्या पदरात टाकता येत नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये एका लोकप्रिय अभिनेत्याच्या चाहत्यांना त्याच्यावरची एक फॅनफिक (चाहत्यानं लिहिलेली कथा) खटकली. त्यांनी सामूहिक तक्रारी केल्या, आणि महिना संपायच्या आत 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे स्वयंसेवकांनी चालवलेलं अख्खं ग्रंथालय चीनमध्ये बंद झालं. आदल्याच वर्षी त्याला विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला होता. एका कथेचा राग, आणि लाखो कथा गेल्या. तक्रार करणाऱ्या त्या मुलीही वाचकच होत्या. पण तक्रारीचं बटण त्यांच्या हातात कुणी दिलं? 2018 च्या डिसेंबरपासून अश्लील प्रकाशनांची खबर देणाऱ्याला 6 लाख युआनपर्यंत इनाम देण्याचा नियम तुमचाच. जी लेखिका 6 लाख कमावेल ती अतिगंभीर गुन्हेगार, आणि जो तिला पकडून देऊन तेवढेच मिळवेल तो जागरूक नागरिक. अशा व्यवस्थेत दोन वेगवेगळ्या आवडत्या जोड्यांच्या चाहत्यांमधलं भांडणसुद्धा पोलीस ठाण्यात जाऊन संपतं. एकमेकींशी वाद घालायची, रुसायची, पुढच्या प्रकरणावर पुन्हा एकत्र यायची जी सवय कुठल्याही वाचकवर्गात असते, ती या तक्रारींनी नासवली.

लोक मागे लागले की तुम्हीही माघार घेता, हे एप्रिल 2018 मध्ये दिसलं. वीबो या समाजमाध्यमानं हिंसाचार आणि अश्लीलतेबरोबर समलैंगिक मजकूरही तीन महिन्यांत साफ करण्याची घोषणा केली, हजारो लोकांनी 'मी समलैंगिक आहे' असं लिहून उत्तर दिलं, आणि तीन दिवसांत घोषणा मागे गेली. त्यानंतर मात्र तुम्ही घोषणा करणंच सोडलं. 2021 च्या जुलैत विद्यापीठांतल्या समलैंगिक विद्यार्थी गटांची वीचॅट खाती एका रात्रीत गेली. 2023 मध्ये बीजिंगचं एलजीबीटी केंद्र बंद झालं. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये समलैंगिक पुरुषांची दोन डेटिंग ॲप ॲपलच्या चिनी दुकानातून नाहीशी झाली. कुठेही चर्चा नाही, सुनावणी नाही.

तुमचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे: मुलांचं रक्षण. ते खरं मानूनच विचारते, मग वयाची वर्गवारी का नाही? तुमच्याकडे चित्रपटांनाही वयोगटाचं प्रमाणपत्र नाही. सगळं सगळ्यांसाठी, म्हणून सगळं लहान मुलाच्या मापाचं. तिशीतल्या बाईनं पैसे भरून वाचलेली कथा बारा वर्षांच्या मुलाच्या नावानं जप्त होते. वर्गवारी आणलीत तर मुलांचं रक्षणही होईल आणि पोलिसांचा वेळही वाचेल. ती इतकी वर्षं आणली जात नाही, यावरून काळजी मुलांचीच आहे का अशी शंका येते.

एवढं लिहिल्यावर मागणं सांगते. 1988 च्या नियमांमधून समलैंगिकतेचा वेगळा उल्लेख काढा, 1997 आणि 2001 मध्ये तुम्हीच जे केलंत त्याला धरून. क्लिक आणि कमाई यांवरून वर्षं ठरवणारं 2004 चं कोष्टक कथांना लावू नका. निदान 2017 चा खुलासा त्यांनाही लागू करा. एका प्रांतातल्या लेखिकेला दुसऱ्या प्रांतात ओढत नेणं थांबवा. ज्यांनी उसनवारी करून कमाई परत केली आणि दंड भरला, त्यांची प्रकरणं पुन्हा उघडा. तियानयीची शिक्षा तर आधी.

आणि हे सगळं होईपर्यंत एक काम उद्यापासून करता येईल, त्याला कायदा बदलावा लागत नाही. ज्या कथेसाठी कुणाला शिक्षा द्याल, ती कथा पहिल्या प्रकरणापासून शेवटच्या प्रकरणापर्यंत कुणी वाचली त्याचं नाव, आणि कलात्मक मूल्य नाही असं त्यानं का ठरवलं याची कारणं, निकालपत्रात छापा.

कळावे,
दानमेईची एक वाचक